कमळपक्ष्याची आई

प्रणिताची बढती झाली त्याच दिवशी तिची बदलीही झाली, त्यामुळे वासुदेवने पेढे एकदाच वाटले आणि अभिनंदन व सांत्वन दोन्ही एकदमच स्वीकारलं. बँकेने तिला ऑफिसर करून रायचूरला पाठवलं होतं. वासुदेव बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होता; त्याला तिकडे जाता येणं शक्य नव्हतं. त्यांची मुलगी भार्गवी नुकतीच पहिलीत गेली होती. वासुदेवची आई हयात नव्हती, आणि प्रणिताच्या आईचे गुडघे तिला निपाणीच्या घराची पायरीही उतरू देत नव्हते.

"मी बढतीला नाही म्हणून कळवते," प्रणिता म्हणाली.

"वेडी आहेस का? वर्षभराचा तर प्रश्न आहे. घरचं मी बघतो."

असं बरेच नवरे म्हणतात. वासुदेवचं वेगळेपण एवढंच की तो खरोखर बघू लागला. ही शहाण्णव सालची गोष्ट. जूनपासून तो पहाटे उठून डबा करू लागला, भार्गवीची वेणी घालू लागला, तिच्या गणवेशाला इस्त्री करू लागला. पहिल्या महिन्यात पोळ्या नकाशासारख्या झाल्या, दुसऱ्या महिन्यात गोल, आणि श्रावण येईपर्यंत त्याला पुरणाची पोळी न फुटता लाटता येऊ लागली. प्रणिता महिन्यातून दोनदा रात्रीच्या गाडीने यायची. आली की घर पाहून म्हणायची, "मी इथे असतानाही एवढं नीट नसायचं रे."

अडचण एकच होती. हे सगळं आपण करतो असं चारचौघांत सांगायला वासुदेवची जीभ रेटत नव्हती.

कोरमंगल्यात भाजी घेताना एकदा त्याला कस्तुराबाई भेटल्या. मराठी मंडळाच्या महिला शाखेच्या त्या अध्यक्ष होत्या. बोलायला प्रेमळ, पण त्यांच्या प्रेमातून सुटून गेलेला माणूस कोणाच्या पाहण्यात नव्हता. वासुदेवच्या पिशवीतून डोकावणारी मेथी पाहून त्या म्हणाल्या, "अगंबाई, ही निवडणार कोण?"

"यल्लव्वा येते ना आमच्याकडे," वासुदेव म्हणून गेला.

यल्लव्वा हे त्याच्या लहानपणी बेळगावला शेजारी राहणाऱ्या एका बाईचं नाव. तोंडात आलं ते त्याने देऊन टाकलं. पण एकदा जन्माला आलेलं माणूस वाढायचं थांबत नाही. कस्तुराबाई भेटतील तेव्हा यल्लव्वाची चौकशी करत, आणि वासुदेव तिच्यात भर घालत जाई. यल्लव्वा हुबळीकडची झाली, विधवा झाली, मायाळू झाली. श्रावणात मंडळाच्या जेवणाला प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायचा होता. वासुदेवने पुरणपोळ्या नेल्या. त्या खाऊन कस्तुराबाईंनी त्याला कोपऱ्यात गाठलं.

"वासुदेवराव, त्या यल्लव्वाला सणावारापुरतं आमच्याकडे पाठवा हो."

"ती... कोरमंगला सोडून कुठे जात नाही."

"स्वभाव असतो एकेकीचा," कस्तुराबाई हळहळल्या.

आठवड्याचे दिवस धावपळीत निघून जात. रविवार मात्र जाता जात नसे. बापलेक एकमेकांचं तोंड बघून कंटाळत. हे पाहून त्याच्याच खात्यातल्या सुधींद्रने दोघांना आपल्याबरोबर पक्षी बघायला न्यायला सुरुवात केली. सुधींद्र धारवाडचा, घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्ही शक्य तितकं कमी बोलणारा. लग्न केलं नव्हतं. "पक्षी बघताना माणसं गप्प बसतात, म्हणून मला पक्षी आवडतात," असं तो म्हणायचा. कोरमंगला मागे टाकून सर्जापूर रोडला लागलं की दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं, मध्येच एखादी वीटभट्टी, आणि आत वळलं की तळी. तिथे तो उंच तिवईवर कॅमेरा लावून बसे. भार्गवीला त्याने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकवल्या: लाल फ्रॉक घालायचा नाही, आणि पक्षी दिसला तर ओरडायचं नाही. बाकी कोणाचं काही न ऐकणाऱ्या मुलीने हे दोन्ही नियम पाळले.

जुलैत कारखान्याने सुधींद्रला तीन महिन्यांसाठी उत्तरेतल्या शाखेत पाठवलं. जाताना त्याने कॅमेरा आणि लांब भिंग वासुदेवच्या हवाली केलं.

"मला कुठे येतात फोटो काढायला?"

"येऊ देत, नाहीतर नको. पण वापर. पडून राहिलं की भिंगाला बुरशी धरती की."

म्हणजे वासुदेव छायाचित्रकार झाला तो बुरशी धरू नये म्हणून. पहिले काही रोल त्याने पक्षी नुकताच उडून गेलेल्या फांद्यांवर खर्च केले. शिवाजीनगरला ज्या स्टुडिओत तो रोल धुवायला देई, तिथला माणूस एकदा प्रिंट देताना आदराने म्हणाला, "झाडं चांगली काढता, सार."

ऑगस्टातल्या एका सकाळी बापलेक तळ्याच्या काठाशी बसले होते. पाणी कमळाच्या पानांनी भरलेलं होतं. त्या पानांवरून एक पक्षी चालत होता. तपकिरी अंग, पांढरे पंख, मानेवर सोनेरी पट्टा आणि कोयत्यासारखी वळलेली लांब काळी शेपटी. पायाची बोटं इतकी लांब की पान बुडतच नव्हतं. कमळपक्षी, हे वासुदेवला सुधींद्रने सांगितल्यामुळे ठाऊक होतं. याहून जास्त ठाऊक नव्हतं.

"बाबा," भार्गवी कुजबुजली, "त्या पक्ष्याला किती पाय आहेत?"

"दोन. सगळ्या पक्ष्यांना दोनच असतात."

"नाही. खूप आहेत."

वासुदेवने भिंगातून पाहिलं. खरंच होतं. वर आकाशात घार फिरत होती, आणि पक्षी पानावर अंग फुगवून बसला होता. त्याच्या पोटाखालून, पंखांच्या कडेने, काडीसारखे पाय लोंबत होते. पिलं होती ती. एक पिलू बाहेर राहिलं होतं. पक्ष्याने बारीक आवाज काढला, एक पंख उचलला, आणि ते धावत येऊन आत शिरलं. पंख खाली आला. पक्षी मान ताठ करून घारीकडे बघत राहिला.

वासुदेवने डोळा भिंगाला चिकटवला. तो एकामागून एक फोटो काढत सुटला. रोल संपला तेव्हा त्याने दीर्घ श्वास सोडला आणि वळून पाहिलं.

पिलांना डोळ्यात तेल घालून जपणाऱ्या त्या पक्ष्याचे फोटो निघत होते तेवढ्या वेळात त्याची स्वतःची मुलगी मागच्या बाजूला गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली होती. एक चप्पल नाहीशी झाली होती. ओठ घट्ट मिटून ती उभी होती.

"अगं, हाक नाही का मारायची!"

"पक्षी उडाला असता ना."

त्याने तिला उपसून काढलं, पाय धुतले, स्कूटरच्या डिकीतून सुका फ्रॉक काढून घातला. तो फ्रॉक तिथे नेहमीच असायचा. घरी येईपर्यंत ती त्याच्या पाठीला चिकटून झोपली होती.

या वेळी स्टुडिओतल्या माणसाने झाडांचं नाव काढलं नाही. प्रिंट हातात धरून तो नुसता "सूपर, सार" म्हणाला.

मंडळाने गणपतीत हौशी छायाचित्रांचं प्रदर्शन ठेवलं होतं. वासुदेवने फोटो दिला आणि खाली लिहिलं: 'कमळपक्षी, सर्जापूर रोड'. कस्तुराबाई तो फोटो पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदराने डोळे टिपले, वासुदेवचं पेन मागून घेतलं, त्याची ओळ खोडली आणि वर एकच शब्द लिहिला: 'आई'.

"सर्जापूर रोड काय लिहिता, वासुदेवराव! अहो, ही जगातली प्रत्येक आई आहे."

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं; करंडक नवरात्रातल्या कार्यक्रमात मिळणार होता. अष्टमीला महिला शाखेचा 'मातृगौरव' कार्यक्रम होता. त्याच्या निमंत्रणावर हाच फोटो छापला गेला, आणि व्यासपीठामागे लावायला त्याची दाराएवढी प्रत करून घेतली. इतकंच नव्हे, तर 'निसर्गातलं मातृत्व' या विषयावर चार शब्द बोलायला खुद्द वासुदेवला सांगण्यात आलं. त्याने ते भाषण आठवडाभर पोळ्या लाटता लाटता पाठ केलं. 'आईच्या पंखांची ऊब बापाच्या छातीत कुठून येणार,' असं एक वाक्य त्यात होतं. ते म्हणताना तो स्वतःच लाटणं थांबवायचा.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सुधींद्र परत आला. कॅमेरा द्यायला वासुदेव त्याच्या खोलीवर गेला, तेव्हा निमंत्रणही घेऊन गेला. सुधींद्रने फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"फोटो झकास आहे. पण ही आई नव्हे."

"म्हणजे?"

"बाप आहे हा. कमळपक्ष्यात असंच असतंय. मादी अंडी घालती आणि जाती. उबवायचं, पिलं वाढवायची, घारीपासून राखायची, सगळं ह्याच्याकडे."

"आणि मादी कुठे जाते?"

"दुसऱ्या नराकडे. तिथे अंडी घातली की तिसऱ्याकडे. मोसमभर तिचं तेच काम."

वासुदेव फोटोकडे बघत राहिला. फुगवलेलं अंग, ताठ मान, पोटाखाली लोंबणारे पाय. आपण स्वयंपाकघरात असताना कोणीतरी खिडकीतून आपला फोटो काढला आहे, असं त्याला वाटून गेलं.

"आता उद्या काय करू?"

"काही करू नको. तुमच्या मंडळात पक्षी कोण ओळखतंय? आई म्हण, आत्या म्हण. सरी, ते राहू दे, चहा घेणार का?"

अष्टमीच्या सकाळी प्रणिता रायचूरहून आली. संध्याकाळी तिघंही स्कूटरवरून कार्यक्रमाला गेली. सभागृह भरलं होतं. व्यासपीठामागे दाराएवढा कमळपक्षी अंग फुगवून बसला होता आणि त्याच्या डोक्यावर झेंडूच्या फुलांनी 'आई' लिहिलं होतं. वासुदेवने ठरवलं होतं की भाषण जसंच्या तसं म्हणायचं आणि खाली बसायचं.

पण त्याच्याआधी कस्तुराबाई बोलायला उभ्या राहिल्या. पाच मिनिटं त्या मातृत्वावर बोलल्या. मग त्यांची नजर दुसऱ्या रांगेतल्या प्रणितावर गेली आणि आवाज मऊ झाला.

"आज आपली प्रणिताही आली आहे, रायचूरहून. दमली असेल बिचारी. मी काही तिला नावं ठेवत नाही. काळ बदलला. पण प्रणिता, बाळ, या पक्षिणीकडे एकदा बघ. हिला बढती नको, पगार नको. पिलांना पंखाखाली घेऊन बसली आहे. तुझ्या पोरीचं नशीब थोर, म्हणून हुबळीच्या त्या विधवा यल्लव्वासारखी माणसं मिळाली. पण आई ती आईच, नाही का?"

"यल्लव्वा कोण?" प्रणिताने हळूच वासुदेवला विचारलं.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. त्याचं नाव पुकारलं गेलं होतं. तो व्यासपीठावर गेला. ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला आणि पाठ केलेलं भाषण त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं. समोर प्रणिता मान खाली घालून बसली होती.

"ही पक्षीण नाही," तो म्हणाला.

सभागृहात कोणीतरी खोकलं.

"हा नर आहे. बाप आहे. कमळपक्ष्यांत अंडी बाप उबवतो आणि पिलंही बापच वाढवतो. तेव्हा याच्याकडे बघून कोणी कोणाला काही शिकवू नये, असं मला वाटतं."

एवढं बोलून तो खाली बसला असता तर गोष्ट तिथेच शोभून दिसली असती. पण कस्तुराबाईंनी अगदी साध्या कुतूहलाने विचारलं, "अगंबाई! आणि मग याची मादी कुठे असते?"

वासुदेव इंजिनियर होता. विचारलेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर द्यायची त्याला सवय होती.

"ती अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते," तो म्हणाला. "मग तिसऱ्याकडे."

त्यानंतर जी शांतता पसरली तसली शांतता त्या सभागृहाने शोकसभेतही अनुभवली नव्हती. एकेक मान वळली. पुढच्या रांगेतल्या बायका मागे बघू लागल्या, मागच्या रांगेतले पुरुष पुढे वाकले. सगळे प्रणिताकडे पाहत होते. आपण काय बोललो हे वासुदेवच्या ध्यानात आलं.

"पक्ष्यांमध्ये," तो घाईने म्हणाला. "फक्त पक्ष्यांमध्ये."

त्याने मामला आणखीच बिघडला.

"यल्लव्वा नसती तर या लेकराचं काय झालं असतं गं," एक बाई शेजारणीला म्हणाली. तिला वाटलं ती हळू बोलली.

"यल्लव्वा कोणी नाहीये," भार्गवी खुर्चीवर उभी राहून म्हणाली. "पोळ्या बाबा करतो. पुरणाच्यापण."

खाणं सुरू झालं तेव्हा वासुदेवभोवती बायकांचा गराडा पडला. "बिचारे, एकटे करतात हो सगळं!" "आणि सांगितलंसुद्धा नाही कधी!" त्याच्या हातात एकाच वेळी तीन बश्या आल्या. कस्तुराबाईंचे डोळे पुन्हा भरून आले होते. या वेळी त्या नरासाठी. पलीकडच्या भिंतीशी प्रणिता एकटीच उभी राहून उपमा खात होती. तिच्याकडे येऊन बोलायला फक्त मंडळाचे खजिनदार आले, आणि त्यांनीही रायचूरला उकडतं का एवढंच विचारलं.

परत येताना स्कूटरवर भार्गवी पुढे उभी होती.  मडिवाळ्याच्या चौकात लाल दिवा लागला तेव्हा वासुदेव मान न वळवता म्हणाला, "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मला माहीत आहे तुला काय म्हणायचं होतं. दुसरा नर, तिसरा नर. रायचूरला एवढ्या उन्हात एक धड नारळपाणीवाला मिळत नाही मला."

तो हसणार होता, पण तिचा आवाज हसण्यासारखा नव्हता.

"ते जाऊ दे. यल्लव्वा का आणलीस तू?"

दिवा हिरवा झाला. मागून रिक्षावाला भोंगा वाजवू लागला. वासुदेवने स्कूटर कडेला घेतली.

"लोक काय म्हणतील म्हणून."

"कोणाला? मला?"

"नाही. मला."

प्रणिता खाली उतरली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मी रायचूरला सगळ्यांना सांगते. आमच्या मॅनेजरला सांगते, शिपायाला सांगते, की माझा नवरा घर बघतो म्हणून मी इथे आहे. अभिमानाने सांगते रे. आणि तू इथे हुबळीची विधवा उभी केलीस. तुला माझी लाज वाटली असती तर मी भांडले असते. तुला स्वतःच्याच हातांची लाज वाटली. त्याचं मी काय करू?"

 तिला राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिला वाईट वाटलं होतं.

"आई, मला शू लागली आहे," भार्गवी म्हणाली. मग तिने क्षणभर विचार केला. "बाबा, मला शू लागली आहे."

प्रणिताने ते दुरुस्त केलेलं ऐकलं. ती पुन्हा मागे बसली, आणि घर येईपर्यंत तिने वासुदेवचा खांदा धरला नाही.

मंडळाने चूक सुधारली. कस्तुराबाईंनी त्या फोटोखालचा 'आई' हा शब्द खोडून 'त्याग' असं लिहिलं. नर असो की मादी, पिलं वाढवणाऱ्याने त्यागच केला असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. बक्षिसाच्या करंडकावर 'मातृगौरव' आधीच कोरलेलं होतं, ते तसंच राहिलं. यल्लव्वा होती तोवर वासुदेवकडे कोणी लिंबाचं लोणचंही पाठवलं नव्हतं; आता मात्र आठवड्याला दोन-तीन घरून डबे येऊ लागले. बऱ्याचशा पोळ्या त्याच्या पोळ्यांपेक्षा जाड असत. मंडळातले पुरुष त्याला टाळू लागले, कारण त्यांच्या घरांत आता त्याचं नाव उठता-बसता निघत होतं. "अण्णा, तुम्ही आमचं जगणं अवघड करून ठेवलंत," असं खजिनदार एकदा त्याला म्हणाले, आणि ते थट्टेने म्हणाले नव्हते.

डबे परत करताना मात्र वासुदेव आता ठामपणे सांगे, "स्वयंपाक मीच करतो. मला आवडतो." त्यावर समोरची बाई आणखीच कळवळून बघे.

प्रणिताला त्याने हे फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "खरंच आवडतो का?"

"आवडतो," तो म्हणाला, आणि हे आपल्यालाच आत्ता कळतंय असं त्याला वाटलं.

पुढच्या मे महिन्यात प्रणिताची बंगळूरला बदली झाली. पुन्हा पेढे वाटले गेले. जूनमध्ये शाळा उघडली, त्या सकाळी प्रणिता पहाटे उठून, केस बांधून, हौसेने स्वयंपाकघरात आली. वर्षभर तिने या सकाळची वाट पाहिली होती. वासुदेव ओट्यापाशी होता. कणीक मळून झाली होती, तवा तापला होता.

"तू झोप जा आता," ती म्हणाली. "मी आले आहे ना."

"तू कालपर्यंत बांधाबांध करून दमली आहेस. तू झोप."

"अरे, माझी मुलगी आहे. एक डबा करू दे मला."

"कर ना. नाही कोण म्हणतंय?" वासुदेव म्हणाला. पण त्याच्या हातातलं लाटणं सुटलं नाही, आणि ते सुटत नाही याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. प्रणिताने पोळपाट आपल्याकडे ओढला. त्याने कणकेचं भांडं आपल्याकडे ठेवलं. तव्यातून धूर येऊ लागला.

भार्गवी दप्तर पाठीला लावून दारात आली. तिने दोघांकडे पाहिलं. बाहेर शाळेच्या रिक्षाचा भोंगा वाजला.

"मला ब्रेडला जॅम लावून द्या कोणीतरी," ती म्हणाली.